निर्वासित, स्थलांतरित आणि आपले वाङ्मय

गेल्या थंडीत आमच्या श्रीरामपुरातल्या एका लहानशा वाचक मंडळात विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’वर बोलण्याचा योग आला. पंचवीस-तीस मंडळी असतील. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने बोललो. १९३९ साली मराठीत अशी कादंबरी यावी हे केवढे नवल होते, एका बोटीच्या चार भिंतींत लेखकाने सगळ्या युरोपचे दुःख कसे कोंडले, इत्यादी. बोलणे संपले तेव्हा मागच्या ओळीतला एक तरुण शिक्षक उभा राहिला. तो मूळचा पाथर्डीकडचा. म्हणाला, “सर, हॅर्टा निर्वासित, हे पटलं. पण दर दसऱ्यानंतर माझ्या गावातली निम्मी माणसं घराला कुलूप घालून इकडं फडात येतात. उसाच्या कडेला कोपीत बाळंत झालेली बाई मी पाहिली आहे. ती कोण? तिच्यावर ‘रणांगण’ का नाही?”

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच पहिल्या रांगेतले एक वृद्ध कापडदुकानदार बोलले. फाळणीनंतर आईचे बोट धरून सिंधमधून आलेले. वय ऐंशीच्या पुढे. मराठी आमच्यापेक्षा सफाईचे. ते म्हणाले, “मास्तर, त्या बाईचं दुःख मोठं आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिच्या घराला कुलूप तिनं घातलं आणि किल्ली तिच्या कनवटीला आहे. आमच्या घराला कुलूप दुसऱ्यानं घातलं.”

सभा गप्प झाली. साऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “दुःखाला मोजपट्टी नसते.” टाळ्या पडल्या आणि चहा आला. परंतु घरी येताना त्या टाळ्या मला लागत राहिल्या. मोजपट्टी नसते असे म्हणणे हे समीक्षकाने आपले काम टाळणे होय. शिक्षकाने एक सरळ प्रश्न विचारला होता, कापडदुकानदारांनी त्याला एक सरळ उत्तर दिले होते, आणि मी दोघांनाही एका गोड वाक्यात बुडवून टाकले होते. हा लेख म्हणजे त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर आहे.

आधी शब्दांकडे पाहू. ‘निर्वासित’ या शब्दाचे व्याकरण मोठे बोलके आहे. हे प्रयोजक धातूचे कर्मणी रूप आहे. जो बाहेर गेला तो निर्वासित नव्हे. ज्याला बाहेर घालवले गेले तो. म्हणजे या शब्दाच्या पोटात एक कर्ता लपलेला आहे, आणि शब्द उच्चारताच ‘कोणी घालवले?’ हा प्रश्न उभा राहतो. ‘स्थलांतरित’ या शब्दात असा कोणी नाही. स्थळ पालटले, एवढेच तो सांगतो. का पालटले, कोणामुळे पालटले, याविषयी तो मौन पाळतो. कचेरीला हा शब्द आवडतो याचे कारण बहुधा हेच असावे. आपल्या जुन्या बोलीला तर हा भेद संस्कृताच्या मदतीवाचूनही ठाऊक होता. दुष्काळात माणसे ‘जगायला’ जात. राजाचा कोप झाला, गावाने वाळीत टाकले, तर माणूस ‘परागंदा’ होई, ‘देशोधडीला’ लागे. जगायला गेलेला पाऊस पडला की परत येई. परागंदा झालेल्याची वाट कोणी पाहत नसे.

कायद्याने ही कसोटी परतीवरच ठेवली आहे. १९५१च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांपायी छळ होईल अशी साधार भीती असल्यामुळे जो आपल्या देशाबाहेर आहे आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. हा करार प्रथम १९५१पूर्वीच्या घटनांपुरताच होता. १९६७च्या पूरक कराराने ती मर्यादा काढली. भारताने या दोहोंवर सही केलेली नाही. आपल्याकडे तर शब्दांचा घोळ राज्यघटनेपासूनच आहे. फाळणीत जे इकडे आले त्यांच्या नागरिकत्वाविषयी सहावे कलम आहे. त्यात १९ जुलै १९४८ ही तारीख मध्ये धरून आधी आलेले आणि नंतर आलेले असे दोन भाग केले आहेत. परंतु दोघांसाठी क्रियापद एकच, स्थलांतर करण्याचे. ज्यांना जीव मुठीत धरून पळावे लागले ते घटनेच्या भाषेत स्थलांतर करून आले! पुढे १९५४च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने त्यांना ‘विस्थापित व्यक्ती’ म्हटले. आणि बाजारात लोक त्यांना निर्वासित म्हणत राहिले. आमच्या कापडदुकानदारांनी मला एकदा सांगितले होते, “शाळेत पोरं मला निर्वाश्या म्हणायची. मला तो शब्द शिवीसारखा वाटायचा. आता वाटतं, निदान त्या शब्दात खरं तरी होतं.”

श्रीरामपुरात बसून हा विचार करण्यात एक सोय आहे. हे गावच मुळी आलेल्यांचे आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे हे एक स्थानक. त्याला आजही बेलापूर म्हणतात. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे खेळले, ऊस आला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आला, आणि स्थानकाभोवती पेठ वसली. सासवडकडचे माळी बागायती करायला आले, व्यापारी आडतीसाठी आले, मजूर कारखान्यासाठी आले. मग फाळणीनंतर सिंधी आणि पंजाबी कुटुंबे आली. दर हंगामात बीड, पाथर्डी, शेवगावकडचे ऊसतोडवाले येतात ते वेगळेच. या सगळ्यांना आपण ‘बाहेरून आलेले’ म्हणतो. परंतु एकच प्रश्न विचारून पाहावा: “तुमचं गाव कोणतं?” कापडदुकानदार क्षणाचा विलंब न लावता म्हणतात, “श्रीरामपूर.” वीस वर्षे सहा-सहा महिने इथे काढलेला तोडकरी म्हणतो, “आम्ही पाथर्डीकडलं.” ज्याला मागे काही उरले नाही त्याने हे गाव आपले केले, ज्याचे मागे आहे त्याला ते कधीच आपले वाटले नाही. भेद आहे तो इथे.

आता पुस्तकांकडे वळू. ‘रणांगण’ची खरी ताकद मला त्या दिवशी बोलताना कळली नव्हती, ती शिक्षकाच्या प्रश्नाने कळली. चक्रधर आणि हॅर्टा एकाच बोटीवर आहेत. एकच डेक, एकच समुद्र, एकच जेवणाची घंटा. चक्रधरही दुखावलेला, कोणावर विश्वास उरलेला नाही असा माणूस आहे. वाचकाला क्षणभर वाटते की दोघांचे एकाकीपण एकाच जातीचे आहे, आणि त्या वाटण्यावरच त्यांचे प्रेम उभे राहते. पण चक्रधरच्या प्रवासाला मुंबई नावाचे टोक आहे. त्याचे मन कितीही भटके असो, त्याचे पाय घराकडे चालले आहेत. हॅर्टा जर्मन ज्यू. तिच्या मागे हिटलरची जर्मनी आणि पुढे पूर्वेकडचा परका मुलूख. त्या वर्षांत युरोपातल्या ज्यूंना फारशी कागदपत्रे न मागता उतरू देणारे शांघाय हे जवळजवळ एकच बंदर जगात उरले होते. बोट मुंबईला लागते तेव्हा प्रेमाची नव्हे, कागदांची परीक्षा होते, आणि एकाच बोटीवर दोन वेगळ्या जातीचे प्रवासी होते हे उघडे पडते. हॅर्टाचा शेवट शोकांत आहे तो केवळ विरहामुळे नव्हे. विरह माणूस सोसतो. कोणत्याही किनाऱ्याला आपली गरज नाही, हे सोसत नाही.

या कादंबरीचा एक उणेपणाही सांगितला पाहिजे. हॅर्टा आपल्याला दिसते ती चक्रधरच्या डोळ्यांनी. तिचे निर्वासितपण त्याच्या जागे होण्याचे साधन बनते. ती सुंदर आहे, तरुण आहे, प्रेम करते. म्हणून आपण तिच्यासाठी हळहळतो. बोटीवरच्या एखाद्या कुरकुऱ्या म्हाताऱ्या ज्यू व्यापाऱ्यासाठी आपण एवढे हळहळलो असतो काय? निर्वासिताचा हक्क त्याच्या मोहकपणावर अवलंबून नसतो. हे ‘रणांगण’ सांगत नाही. ते ओळखण्याचे काम वाचकावर राहते.

‘रणांगण’शेजारी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ठेवली की दुसरा शब्द स्पष्ट होतो. १९५५ची ही कादंबरी. माणदेशातली धनगरांची वाडी, औंध संस्थानाचा काळ, तरुण मास्तर, माणसांनी हातांनी उभी केलेली तालीम. आणि शेवटी पाऊस दगा देतो, मेंढरे मरू लागतात, माणसे उरलेली जित्राबे घेऊन निघून जातात. वाडी ओस पडते. वाचताना घशात आवंढा येतो. पण लेखकाचा सूर पाहा. त्यात आक्रोश नाही, कोणावर आरोप नाही. कारण इथे कर्ता आभाळ आहे. धनगर गवतामागे जातो हे त्याचे जगणेच आहे. वाडीच्या दारांना कोणी टाळे ठोकलेले नाही. पुन्हा पाऊस पडला तर पुन्हा चुली पेटतील, ही शक्यता लेखक बोलून दाखवीत नाही आणि पुसूनही टाकीत नाही. स्थलांतराचे इतके नेमके चित्र मराठीत दुसरे मला आठवत नाही.

आणि याच लेखकाने १९६४ साली ‘वावटळ’ लिहिली. गांधीजींच्या खुनाची बातमी येते, पुण्याहून तिघे तरुण गावाकडे निघतात, आणि वाटेत त्यांना दिसतो तो जळणाऱ्या घरांचा धूर. ‘बनगरवाडी’ आणि ‘वावटळ’ या दोन पुस्तकांत मुलूख तोच, भाषा तीच, माणसांविषयीची माया तीच. तरी पहिल्या पुस्तकात माणसे जातात आणि दुसऱ्यात ती घालवली जातात. ओळखीच्या माणसांनी ओळखीच्या घराला काडी लावली, की मग घर पुन्हा बांधता आले तरी गाव पुन्हा बांधता येत नाही. त्या वर्षी ब्राह्मणांची शेकडो घरे शहरांकडे गेली. कायद्याच्या लेखी ती निर्वासित नव्हती, कारण त्यांनी देशाची सीमा ओलांडली नव्हती. परंतु १९४८च्या जाळपोळीची झळ बसलेल्या ग. त्र्यं. माडखोलकरांनी पुढच्याच वर्षी आपल्या पुस्तकाला नाव दिले ‘एका निर्वासिताची कहाणी’. त्याच काळात कल्याणजवळच्या छावण्यांत सिंधमधून आलेली माणसे राहत होती आणि तिथे उल्हासनगर उभे राहत होते. नागपूरच्या एका संपादकाने तोच शब्द आपल्यासाठी उचलावा, हे काहींना अतिशयोक्त वाटेल. मला वाटते, त्यांनी शब्दाचे व्याकरण बरोबर ओळखले होते. सीमेपेक्षा कर्ता महत्त्वाचा.

इथपर्यंत हिशेब सोपा आहे. तो बिघडवतात दया पवार. ‘बलुतं’ १९७८चे, लेखक आमच्याच जिल्ह्यातला, अकोले तालुक्यातला, म्हणजे ज्या प्रवरेचे पाणी आम्ही पितो तिच्या वरच्या अंगाचा. कावाखान्यातली ती माणसे मुंबईला कशासाठी गेली? कोणीही म्हणेल, पोटासाठी. गोदीत काम होते, गिरण्यांत काम होते. मग ती स्थलांतरित. त्यांच्या गावाची वाटही उघडी आहे. ‘बलुतं’मध्ये माणसे गावी परत जातातही. पण ती वाट जाते कुठे? महारवाड्यात. परतणे म्हणजे त्याच कामांत, त्याच शिळ्या भाकरीत, त्याच हाकेत परतणे. आंबेडकरांनी आपल्या माणसांना खेडे सोडा म्हणून सांगितले ते काही जास्त पगारासाठी नव्हे. तेव्हा कुलूप आणि किल्ली एवढ्यावर भागत नाही. दार उघडे असूनही आत गेल्यावर माणूस माणूस राहत नसेल, तर ते दार बंदच समजले पाहिजे. ‘छळाची साधार भीती’ हे शब्द जिनिव्हात लिहिले गेले तेव्हा कोणाच्या मनात महारवाडा नव्हता. परंतु ‘बलुतं’ वाचल्यावर ते शब्द तिथेही लागू पडतात हे नाकारणे कठीण आहे.

म्हणजे मी शिक्षकाच्या बाजूला आलो काय? पुरता नाही. त्याच्या बाईकडे आता पाहू. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो; हिशेबात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. पहाटे फडात, दुपारी मोळ्या, रात्री गाडी भरायची, जेव्हा वाहन येईल तेव्हा. कारखान्याचा पट्टा पडला की परत. उचल फिटली तर ठीक. नाही फिटली तर पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाच्या मागे यावे लागते. म्हणजे घर तिचे आहे, किल्ली तिची आहे, परत जाण्याची वाट खुली आहे. बंद आहे ती घरी राहण्याची वाट. निर्वासिताला परतता येत नाही, हिला थांबता येत नाही. हे निर्वासितपण नव्हे, पण ‘स्थळ पालटले’ एवढ्या निरुपद्रवी शब्दात मावणारी गोष्टही नव्हे. आभाळ हा इथला एकटा कर्ता नाही. उचलीच्या वहीत त्याचे नाव शोधावे लागेल.

आणखी एक तिसरा वर्ग आमच्या दाराशीच आहे. हरेगाव भागातल्या नऊ गावांच्या जमिनी इंग्रज सरकारने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घेतल्या, त्या कंपनीकडे गेल्या, पुढे शेती महामंडळाकडे आल्या, आणि मूळ मालकांचे वारस पिढ्यान्पिढ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिले. या माणसांनी गाव सोडले नाही. त्यांच्या पायांखालची जमीन मात्र काढली गेली. धरणांखाली ज्यांची घरे गेली त्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा केला. त्यांचा शब्द ‘विस्थापित’. तोही कर्मणी आहे हे ध्यानात घ्यावे. तिथेही कोणीतरी हलवले आहे, आणि ते कोणी हे सर्वांना ठाऊक आहे.

हा सगळा शब्दांचा कीस कशासाठी, असे वाचक विचारतील. याचे उत्तर २०२० सालाने दिले. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि मजुरांचे तांडे रस्त्याने चालू लागले. डोक्यावर बोचकी, कडेवर मुले. ज्याने त्याने म्हटले, फाळणीची आठवण झाली, निर्वासितांचे लोंढे निघाले. मीही तसेच म्हटले होते. आता वाटते, आम्ही चुकीचे पाहिले. निर्वासित घरापासून दूर पळतो. हे लोक घराकडे चालले होते. ८ मे २०२०ला पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर सापडले. ते जालन्याहून निघाले होते आणि मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे जात होते. रेल्वे बंद आहेत असे समजून रुळांवर निजले होते. त्यांची घरे उघडी होती, तिथे त्यांची वाट पाहिली जात होती. त्यांचे आम्ही काय लागत होतो? थकलेली मजुरी आणि घरी जाण्यासाठी एक गाडी. आम्ही काय दिले? खिचडीची पाकिटे. आम्ही त्यांना निर्वासित समजलो, म्हणून दया केली आणि देणे विसरलो.

उलट चूकही तितकीच घातक. जीव वाचवायला आलेल्याला ‘पोट भरायला आला आहे, जाईल परत’ असे म्हटले, की त्याची पाठवणी मरणाकडे होते. हॅर्टाच्या बोटीला बंदरे मिळाली नाहीत ती अशाच बोलण्याने. निर्वासिताला आसरा देणे लागते. स्थलांतरिताला मजुरी आणि परतीची मोकळीक. विस्थापिताला त्याचे जे घेतले त्याचा मोबदला. ही तीन देणी आहेत. एकाच्या जागी दुसरे देऊन कर्ज फिटत नाही. शब्दांची गल्लत ही शेवटी हिशेबातली गल्लत असते, आणि ती नेहमी देणेकऱ्याच्या फायद्याची असते.

आपल्या वाङ्मयापुरते बोलायचे तर एक उणीव मला सलते. आपण जाण्याविषयी पुष्कळ लिहिले, येण्याविषयी फार थोडे. ओस पडलेली वाडी आपण लिहिली. भरलेली पेठ लिहिली नाही. पोपटी हिरानंदानी मुंबईत राहून सिंधीत लिहीत होत्या, १९८२ साली त्यांना साहित्य अकादमीचा सन्मान मिळाला. आमच्यापैकी कितीजणांनी त्यांची एक ओळ वाचली? सिंधमधून आलेला मुलगा आमच्या शाळेत बसला, आमच्या आळीत म्हातारा झाला, आणि मराठी कादंबरीत तो बहुतेक वेळा गल्ल्यावर बसलेला एक विनोदी उच्चार एवढाच राहिला. हॅर्टासाठी रडणाऱ्या भाषेने शेजारच्या दुकानाकडे इतके कमी पाहावे, याचे उत्तर ‘महाराष्ट्राची फाळणी झाली नाही’ एवढे देऊन भागणार नाही.

परवा तो शिक्षक बाजारात भेटला. मी त्याला म्हणालो, “तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ती बाई निर्वासित नाही. आणि तिच्यावर ‘रणांगण’ नको. तिच्यावर जे लिहायचं ते वेगळं पुस्तक आहे, आणि त्यात मुकादमाची वही असायला हवी.” तो हसला. म्हणाला, “सर, मग काकांनी त्या दिवशी बरोबरच सांगितलं होतं की.” मी म्हणालो, “अर्धं. किल्ली तिच्याकडे आहे हे खरं. पण ती घरात राहू का शकत नाही, हे तू विचारायचं राहिलंय.”

दसरा झाला आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तोवर पाथर्डीहून गाड्या निघालेल्या असतील. कापडदुकानदारांचे दुकान या दिवसांत रात्री उशिरापर्यंत उघडे असते. पट्टा पडल्यावर घरी जाताना तोडकरी बायका मुलांसाठी कापड घेतात ते बहुधा तिथूनच. भाव करताना दोघांत तुमचे गाव कोणते असे बोलणे होत असेलच. ते ऐकायला आपल्यापैकी कोणी तरी तिथे जाऊन बसले पाहिजे.